मोटारसायकलसाठी क्रॅश गार्ड आणि स्लायडर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुंबई आणि उपनगरांत रोज मोटारसायकल चालवणाऱ्या, आणि सुट्टीत जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खंडाळ्याकडे किंवा कसारा घाटातून नाशिककडे निघणाऱ्या वाचकांसाठी आहे. दुकानात गार्ड घेताना बहुतेक बोलणे पाइप किती जाड आहे आणि रंग कोणता हवा, यांभोवतीच फिरते. आमच्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: गाडी पडली की बसलेला धक्का गार्डमधून पुढे नेमका कुठे जातो? पुढची बरीच उत्तरे याच प्रश्नापाशी येऊन ठेपतात.

लेग गार्ड, इंजिन गार्ड, क्रॅश गार्ड आणि स्लायडर यांत फरक काय?

बाजारात ही नावे सरमिसळ करून वापरली जातात, त्यामुळे नावापेक्षा वस्तू पाहावी. लेग गार्ड म्हणजे इंजिनाच्या पुढे बसवलेला, दोन्ही बाजूंना कमानीसारखा बाहेर आलेला पाइप. बुलेटपासून स्प्लेंडरपर्यंत आपल्या रस्त्यांवर सर्वांत जास्त दिसतो तो हाच. इंजिन गार्ड किंवा क्रॅश गार्ड म्हणून विकली जाणारी चौकट इंजिनाला दोन्ही बाजूंनी वेढते, आणि अ‍ॅडव्हेंचर प्रकारच्या गाड्यांवर ती पार टाकीच्या उंचीपर्यंत चढते. फ्रेम स्लायडर हा इंजिन माउंटिंगच्या बोल्टवर बसवलेला, मूठभर आकाराचा प्लॅस्टिकचा गोल ठोकळा असतो. आडव्या पडलेल्या गाडीला रस्त्यावर अडकू न देता घसरू देणे, हे त्याचे काम. याखेरीज हँडलच्या टोकाचे बार-एंड, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या दांडीचे, म्हणजे अ‍ॅक्सलचे छोटे स्लायडर आणि रेडिएटरची जाळी ही जोडीची मंडळी आहेत. इंजिनाखालची बॅश प्लेट या यादीत धरू नये, कारण तिचा संबंध पडण्याशी नसून दगडांशी आणि उंच गतिरोधकांशी आहे.

लेग गार्ड लावला तर माझा पाय वाचेल का?

नाव लेग गार्ड असले तरी याचे उत्तर सरसकट होकारार्थी देता येत नाही, आणि विक्रेता तसे ठामपणे सांगत असेल तर त्यावर विसंबू नये. अमेरिकेतील युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया येथील हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजलिस परिसरातल्या सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यास केला. त्याचा अहवाल १९८१ मध्ये आला. त्यातला निष्कर्ष असा की, क्रॅश बारमुळे, म्हणजे अशा गार्डमुळे, घोटा आणि पाऊल यांच्या दुखापती कमी होतात खऱ्या, पण गुडघा, नडगी आणि मांडी यांच्या दुखापती तेवढ्याच वाढतात, आणि एकूण हिशेबात चालकाच्या पदरी फारसे काही पडत नाही.

कारण समजायला अवघड नाही. जोराच्या धडकेत पाय फूटरेस्टवर टिकून राहत नाही. गाडी थांबते, शरीर मात्र पुढे जात राहते, आणि गुडघा किंवा नडगी त्याच पाइपवर जाऊन आदळते. हा अभ्यास जुना आहे, त्यातल्या गाड्या आणि रस्ते आपले नाहीत. पण शरीर पुढे फेकले जाण्याची ही रीत बदललेली नाही.

एक फायदा मात्र निर्विवाद आहे. गाडी उभ्याउभ्या किंवा अगदी कमी वेगात कलंडली, तर गार्ड जमिनीला टेकून गाडीखाली फट राखतो आणि पाऊल तिच्याखाली चिणले जात नाही. दोनशे किलोच्या आसपास वजन असलेली गाडी चालवणाऱ्याला एवढ्याचेही मोल कळते. त्यापलीकडे पायाचे रक्षण घोट्यापर्यंतचे बूट आणि नी गार्ड करतात, आणि हे पैसे गार्डच्या आधी खर्च करावेत.

मग गार्डचा खरा उपयोग कोणत्या प्रसंगी होतो?

मुंबईत गाड्या पडतात त्या बहुतेक वेळा फार वेगात नसतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेटून लावलेल्या गाड्यांपैकी एक ढकलली गेली की ओळच्या ओळ आडवी होते. स्टेशनबाहेरच्या स्टँडवर आपली गाडी कोणीतरी सरकवून ठेवतो आणि साइड स्टँड नीट लागत नाही. जूनच्या पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल आणि धूळ वर येऊन निसरडे होते. मेट्रोच्या कामाजवळ टाकलेल्या लोखंडी पत्र्यावर किंवा पेव्हर ब्लॉकच्या कडेवर पुढचे चाक सुटते. अशा पडण्यात हँडलचे टोक, क्लच किंवा ब्रेकचा लिव्हर, इंडिकेटर, टाकीचा कोपरा आणि इंजिनाचे बाजूचे कव्हर यांना मार बसतो, आणि गार्ड वाचवतो ते हेच भाग.

आकड्यांत पाहू. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो आहे. उभी गाडी आडवी होताना तिचा गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटर खाली येतो असे धरले, तर सुमारे ५७० जूल ऊर्जा मोकळी होते. तीच गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल, तर चालकाचे वजन न धरताही तिच्यात सुमारे १२,००० जूल ऊर्जा असते, म्हणजे जवळपास एकवीसपट. पहिला धक्का चांगला गार्ड सहज पचवतो. दुसऱ्या प्रसंगातली ऊर्जा रस्त्यावर घासत, काही मीटर अंतरात हळूहळू संपावी लागते, आणि वाटेत डिव्हायडर आला तर कोणताही पाइप ती एका झटक्यात शोषून घेऊ शकत नाही.

गार्ड घ्यावा की स्लायडर?

क्लासिक, बुलेट यांसारख्या गाड्यांना आणि रोजच्या धावपळीच्या १०० ते १६० सीसी गाड्यांना गार्ड जास्त सोयीचा आहे, कारण त्यांचे इंजिन दोन्ही बाजूंनी उघडे असते आणि त्या बहुधा जागच्या जागी कलंडतात. पूर्ण फेअरिंगच्या, म्हणजे इंजिन झाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या आवरणाच्या, स्पोर्ट गाड्यांवर पाइपची चौकट बसवायला जागाच नसते, तिथे स्लायडर हाच पर्याय उरतो. हिमालयनसारख्या अ‍ॅडव्हेंचर गाड्यांना दोन पातळ्यांवरची चौकट घ्यावी, कारण घाटातल्या किंवा कच्च्या रस्त्यावर त्या वरचेवर आणि वेगवेगळ्या कोनांतून पडतात.

स्लायडरची मूळ जागा रेस ट्रॅकवर आहे, आणि ट्रॅक सपाट असतो. आपल्या रस्त्यावर घसरणाऱ्या ठोकळ्याच्या वाटेत खड्ड्याची कड, गटाराचे झाकण, उखडलेला पेव्हर ब्लॉक किंवा डिव्हायडरचा पाया येतोच. तिथे ठोकळा अडकला की गाडी घसरायची थांबते आणि उलटू लागते. म्हणून ज्या गाडीवर दोन्ही बसू शकतात तिच्यासाठी, शहरातल्या वापराकरिता, आमचा कल गार्डकडे आहे. दोन्ही एकदम लावण्याचा सल्ला आम्ही सहसा देत नाही. एकाच माउंटिंगवर दोन वस्तू लादल्या जातात आणि पडताना आधी कोण टेकणार, हे सांगता येत नाही.

धक्का कुठे जातो, हे विकत घेण्यापूर्वी कसे ओळखावे?

गार्ड हातात घेऊन त्याची टोके पाहा. प्रत्येक टोक गाडीच्या कोणत्या बोल्टवर बसते, हे दुकानदाराला प्रत्यक्ष गाडीवर बोट ठेवून दाखवायला सांगा. स्टीलच्या चासीवर किंवा चासी आणि इंजिन यांना जोडणाऱ्या मूळ माउंटिंगवर तो बसत असेल तर उत्तम. इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव कवचावर, म्हणजे क्रँककेसच्या एखाद्या कानावर, सगळा भार येत असेल तर तो गार्ड घेऊ नये. स्टील वाकते, ओतीव अ‍ॅल्युमिनियम तुटते. शिवाय इंजिन क्रमांक क्रँककेसवरच कोरलेला असतो, त्यामुळे कवच बदलावे लागले तर गॅरेजच्या बिलासोबत ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली यांपैकी आपल्या आरटीओत कागदपत्रांचे कामही निघते. काहीशे रुपये वाचवून घेतलेल्या गार्डपायी हे ओढवून घेण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट आधारांची संख्या. प्रत्येक बाजूला किमान दोन आधार असावेत, एक वर आणि एक खाली, आणि डावी-उजवी बाजू आडव्या पट्टीने किंवा पाइपने जोडलेली असावी. म्हणजे एका बाजूला बसलेला मार दोन्हीकडे वाटला जातो. एकाच बोल्टवर लटकणाऱ्या स्लायडरच्या बाबतीत लांबी हा कळीचा मुद्दा आहे. बोल्टवर येणारा वाकवणारा जोर म्हणजे बल गुणिले लांबी, त्यामुळे ७० मिलिमीटरऐवजी १४० मिलिमीटर बाहेर आलेला स्लायडर तेवढ्याच धक्क्यात माउंटिंगवर दुप्पट ताण देतो. दिसायला भारदस्त वाटणारे लांब स्लायडर अनेकदा याच कारणाने इंजिन माउंटिंग वाकवतात. फेअरिंगच्या गाडीत लांबी लागतेच; तिथे दोन बोल्टांवर पट्टी टाकून त्या पट्टीवर ठोकळा बसवलेला प्रकार शोधावा.

तिसरी गोष्ट थोडी उलटी वाटेल. चांगल्या गार्डने वाकायला हवे. जोराच्या माराला पाइप किंवा त्याची पट्टी वाकते तेव्हा ऊर्जा तिथेच खर्ची पडते. गार्ड अजिबात हलला नाही तर तोच धक्का जसाच्या तसा चासीत उतरतो, आणि चासी सरळ करणे हे गार्ड बदलण्याइतके सोपे किंवा स्वस्त काम नव्हे.

चासीच्या नळीला यू-क्लॅम्पने आवळलेले गार्ड पार्किंगमधल्या पडण्याला पुरतात. त्याहून मोठ्या धक्क्यात क्लॅम्प फिरतो, गार्ड मागे सरकून टाकीला किंवा गिअर लिव्हरला भिडतो, आणि क्लॅम्पखालचा रंग खरवडला गेल्यामुळे पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो.

पाइप किती जाड असावा?

इथे दोन वेगवेगळ्या जाड्या आहेत: पाइपचा बाहेरचा व्यास आणि त्याच्या भिंतीची जाडी, जिला बाजारात गेज म्हणतात. वजनाच्या मानाने व्यास वाढवणे जास्त फायद्याचे असते. समजा आपल्यासमोर २२ मिमी व्यासाचा, २ मिमी भिंतीचा स्टीलचा पाइप आहे. त्याचे वजन मीटरमागे सुमारे १ किलो भरते. भिंत तेवढीच ठेवून व्यास २५.४ मिमी, म्हणजे एक इंच केला, तर वजन साधारण १७ टक्क्यांनी वाढते पण वाकण्याला होणारा विरोध सुमारे ६० टक्क्यांनी वाढतो. उलट व्यास २२ मिमीच ठेवून भिंत ३ मिमी केली, तर वजन ४० टक्क्यांहून जास्त वाढते आणि ताठपणा मात्र ३० टक्केच. म्हणून 'तीन एमएमचा हेवी माल' हे ऐकून भारावून जाऊ नये.

स्प्लेंडर प्लसचे वजन ११२ किलो आहे. तिला २२ मिमीचा पाइप पुरेसा आहे. साडेतीनशे सीसीच्या आणि त्यापुढच्या गाड्यांना एक इंची पाइप योग्य. भिंतीची जाडी विचारून समाधान होत नसेल तर पाइपच्या टोकाचे प्लॅस्टिकचे बूच काढून पाहावे.

लोखंड, स्टेनलेस की अ‍ॅल्युमिनियम?

पावडर कोटिंग केलेला साध्या स्टीलचा पाइप बहुतेकांना पुरतो. तो वाकतो, सहसा एकदम तुटत नाही, आणि त्याचे वेल्डिंग कोणत्याही चांगल्या फॅब्रिकेटरला जमते. त्याचा शत्रू म्हणजे आपली हवा. कुलाबा, वरळी, वर्सोवा अशा समुद्रालगतच्या भागांत राहणाऱ्यांनी कोटिंग कुठे उडाले आहे, हे दर पावसाळ्यापूर्वी पाहावे आणि तिथे तेव्हाच रंग लावावा. पाइपच्या आतून लागणारा गंज बाहेरून दिसत नाही. त्यासाठी सर्वांत खालच्या वळणावर पाणी निघून जायला बारीक भोक आहे का, ते तपासावे. वरची दोन्ही टोके उघडी आणि खाली भोक नाही, असा गार्ड पावसाळाभर पोटात पाणी घेऊन फिरतो.

स्टेनलेस स्टील टिकते, पण सगळे स्टेनलेस सारखे नसते. ३०४ दर्जाचा म्हणून विकला जाणारा माल कमी निकेलच्या २०० मालिकेतला असू शकतो, आणि तो खाऱ्या हवेत लवकर तपकिरी डाग धरतो. दुकानात लोहचुंबक लावून दाखवण्याची पद्धत आहे, तिने हा फरक कळत नाही, कारण २०० मालिकेतल्या नेहमीच्या स्टीललाही चुंबक धरत नाही. दर्जा बिलावर लिहून मागणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. क्रोमचा मुलामा नवा असताना देखणा दिसतो. मुंबईत त्याचे तेज फार काळ राहत नाही.

अ‍ॅल्युमिनियमचे पाइप हलके असतात, पण वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळची ताकद घटते. पूर्ण गार्डसाठी त्यांची शिफारस आम्ही करत नाही.

स्लायडरचा ठोकळा कशाचा असावा?

अ‍ॅसिटल (एक कठीण, गुळगुळीत प्लॅस्टिक) किंवा नायलॉन. दोन्ही रस्त्यावर झिजत घसरतात, आणि ती झीजच आपल्याला हवी असते. नायलॉन हवेतला ओलावा शोषून किंचित फुगते आणि मऊ पडते. अ‍ॅसिटलमध्ये हा दोष फार कमी आहे, म्हणून पावसाळी शहरात ते थोडे सरस ठरते. अ‍ॅल्युमिनियमचे रंगीत, चकचकीत ठोकळे डांबरात चर पाडत अडखळतात. ते शोभेपुरते आहेत. ठोकळ्याच्या आत बोल्टचे डोके खोलवर बुडालेले असावे. ते पृष्ठभागाच्या जवळ असेल तर थोडे प्लॅस्टिक झिजताच पोलादी डोके रस्त्याला लागते.

गार्ड किती रुंद असावा? ट्रॅफिकमधून गाडी काढताना अडचण होणार नाही ना?

हँडलच्या टोकांपेक्षा गार्ड कधीही रुंद नसावा. एलबीएस मार्गावर किंवा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर रिक्षा आणि बस यांच्या मधल्या फटीतून गाडी काढताना चालकाची नजर हँडलवर असते. हँडल गेले म्हणजे गाडी गेली, असा त्याचा अंदाज असतो, आणि रुंद गार्ड नेमका रिक्षाच्या मागच्या चाकाजवळच्या पत्र्यात अडकतो.

किमान किती रुंद हवा, ते घरी तपासता येते. कोणाला तरी गाडी सरळ उभी धरायला सांगावे. एक लांब, सरळ काठी घेऊन तिचा वरचा भाग हँडलच्या टोकाला आणि खालचा भाग पुढच्या चाकाच्या बाजूला टेकवावा, आणि मग ती त्याच तिरप्या कोनात मागे, इंजिनाच्या रेषेत आणावी. गाडी आडवी पडल्यावर जमीन साधारण या काठीच्या जागी येते. इंजिनाचे कव्हर, टाकी, गिअर लिव्हर यांपैकी जे काठीला लागते किंवा तिच्या बाहेर येते, त्याला मार बसणार. गार्डची कमान काठीच्या बाहेर दोन-तीन बोटे आली की काम झाले. त्याहून जास्त रुंदी घेतली तर वळणावर गाडी कलली असताना गार्ड रस्त्याला घासण्याची शक्यता वाढते.

फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेला गार्ड चालेल का?

कारागीर चांगला असेल तर वस्तू मजबूत बनते, यात शंका नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा आपल्या नाक्यावरच्या गाळ्यातही नीट सांधे जोडणारे हात आहेत. अडचण ताकदीची नसून मापांची आहे. कंपनीचा गार्ड त्या गाडीच्या माउंटिंगवर बेतलेला असतो. गाळ्यात तो गाडीवर धरून, जिथे जागा मिळेल तिथे भोक पाडून बसवला जातो. चासीला भोक पाडू देऊ नये आणि चासीवर वेल्डिंग तर मुळीच करू देऊ नये. कायद्याच्या दृष्टीनेही बिल आणि पार्ट क्रमांक असलेली वस्तू बरी.

फिटिंग करून घेताना काय पाहावे?

पहिली तपासणी बोल्टची. इंजिन माउंटिंगचा मूळ बोल्ट काढून लांब बोल्ट घातला जातो, तो मूळ बोल्टच्याच दर्जाचा हवा. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. काहीच आकडा नसलेला बोल्ट परत करावा. गंज नको म्हणून स्टेनलेसचा बोल्ट घालण्याचा मोह मुंबईत अनेकांना होतो, पण ए२-७० दर्जाचा स्टेनलेस बोल्ट ४५० मेगापास्कल ताणाला कायमचा लांबू लागतो, तर ८.८ चा बोल्ट ६४० पर्यंत तग धरतो. शिवाय अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत स्टेनलेस आणि खारट ओलावा एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. जस्ताचा मुलामा असलेला, योग्य आकड्याचा बोल्ट घेणे बरे.

इंजिनाचे सगळे बोल्ट एकदम काढू देऊ नयेत. एक काढायचा, नवा घालायचा, मग दुसरा, आणि तोवर इंजिनाखाली जॅक किंवा लाकडी ठोकळा. सगळे हाताने बसल्यावरच गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या ठरवून दिलेल्या जोराला, आवळायचे, तेही टॉर्क पान्याने. पाइप जागेवर येत नाही म्हणून पहारीने ताणून बोल्ट बसवणारा मेकॅनिक दिसला तर काम थांबवावे. तसा बसवलेला गार्ड पडण्याआधीच माउंटिंगला कायमचा ताण देत राहतो.

नंतर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे. पुढचा ब्रेक दाबून शॉकअप जोरात खाली दाबावा आणि मडगार्ड व गार्ड यांच्यात पुरेशी जागा उरते का, ते पाहावे. खड्ड्यात चाक याहूनही जास्त वर येते. पावसाळी जाड बूट घालून गिअर आणि मागचा ब्रेक वापरून पाहावा. ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्ट गार्ड न काढता हाती येतो की नाही, हेही तेव्हाच पाहावे, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसिंगला गार्ड उतरवण्याची मजुरी द्यावी लागते. पुढच्या अ‍ॅक्सलला स्लायडर लावताना एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेच्या) सेन्सरची वायर दबत नाही ना, याची खात्री करावी. काही शे किलोमीटर चालवल्यावर सर्व बोल्ट एकदा पुन्हा तपासून घ्यावेत.

गार्ड लावणे कायदेशीर आहे का? वाहतूक पोलीस दंड करू शकतात का?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून वाहनांवरील अनधिकृत क्रॅश गार्ड आणि बुल बार यांच्याविरुद्ध कारवाई करण्यास सांगितले होते. त्यात मोटार वाहन कायदा, १९८८ मधील, वाहनातील बदलांवर निर्बंध घालणाऱ्या कलम ५२ चा आधार होता, आणि चिंता पादचारी आणि गाडीत बसलेले लोक यांच्या सुरक्षिततेची होती. जीप आणि एसयूव्हीच्या नाकावरचे पोलादी बुल बार डोळ्यांपुढे आणले की तिचा रोख कळतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार, नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

दुचाकीसाठी मात्र अनेक उत्पादक स्वतःच गार्ड विकतात. म्हणून शहाणपणाचा मार्ग असा: शक्य असेल तिथे उत्पादकाच्या अधिकृत अ‍ॅक्सेसरीच्या यादीतला गार्ड घ्यावा, नवी गाडी घेताना तो शोरूमच्या बिलावर लिहून घ्यावा आणि बिलाची प्रत मोबाइलमध्ये ठेवावी. बाहेर आलेली टोकदार टोके, भाल्यासारखे खिळे, नंबर प्लेट किंवा इंडिकेटर झाकणारी रचना असलेला गार्ड घेऊ नये. पायी चालणाऱ्याला इजा करणारी वस्तू पोलिसांनी अडवली तर तक्रारीला जागा नाही.

विम्यात गार्डची भरपाई मिळते का?

गार्डची किंमत पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी अ‍ॅक्सेसरी म्हणून नोंदवली असेल तर मिळते. नोंद नसलेल्या, बाहेरून लावलेल्या गार्डचा दावा करण्यात वेळ घालवू नये. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा धरला जातो, त्यामुळे स्लायडरच्या ठोकळ्याची निम्मीच किंमत हाती येते. धातूच्या भागांचा घसारा गाडीच्या वयावर ठरतो: पहिले सहा महिने शून्य, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १० टक्के, आणि पुढे वाढत जातो. किरकोळ पडण्यासाठी दावा करून नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) घालवण्यापेक्षा खिशातून खर्च करणे बहुधा स्वस्त पडते.

गार्डवर दिवे लावावेत का? पाय ठेवावेत का? पिशवी अडकवावी का?

पाय ठेवू नयेत. लांबच्या प्रवासात पाय ताणायला बरे वाटते, पण तेव्हा ब्रेक पायाखाली नसतो, आणि गाडी घसरली तर पाय पाइप आणि रस्ता यांच्यामध्ये सापडतो. पिशवीबद्दलही तेच, विशेषतः सायलेन्सरच्या बाजूला. दिव्यांचे नियम वेगळे आहेत आणि गार्ड कायदेशीर असला म्हणून त्यावरचे दिवे आपोआप कायदेशीर होत नाहीत. शिवाय गाडी पडली की सर्वांत आधी तेच फुटतात.

गाडी एकदा पडली. गार्ड सरळ करून वापरता येईल का?

रंग खरवडला एवढेच असेल तर रंग लावून वापरावा. पाइप वाकला असेल तर तो बदलावा. थंड पाइप पहारीने किंवा पाइपात पाइप घालून सरळ केला की वळणावरचा धातू दुसऱ्यांदा ताणला जातो आणि पुढच्या माराला तो तिथेच दगा देतो. गरम करून सरळ केल्यास कोटिंग जळते आणि गंजाला वाट मिळते.

गार्ड जसाच्या तसा दिसत असला तरी त्याच्या पट्ट्यांजवळच्या वेल्डिंगवरून नख फिरवावे. रंगाला केसासारखी चीर गेली असेल, किंवा तिथून तांबूस रेघ उतरली असेल, तर खाली धातू तडकला आहे असे समजावे. माउंटिंगचे बोल्ट काढून काचेवर किंवा सपाट लादीवर गडगडवून पाहावेत. डोलत गेला तो बोल्ट वाकला, आणि तो सरळ करायचा नसतो. स्लायडरचा ठोकळा एका बाजूने झिजला असेल तर फिरवून लावण्यापेक्षा नवा घ्यावा.

मागच्या बाजूसाठी काही लागते का? साडी गार्ड काढून स्लायडर लावला तर?

साडी गार्ड काढू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी, फूटरेस्ट आणि मागचे चाक किमान अर्धे झाकणारे आवरण आवश्यक आहे. ओढणी, पदर किंवा पावसाळी कोटाचे टोक चाकात जाऊन होणाऱ्या अपघातांवरचा तो उपाय आहे. मागच्या अ‍ॅक्सलचा किंवा स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा) छोटा स्लायडर त्याच्या जोडीने लावता येतो.

स्कूटरला चारी बाजूंनी मिळणारा स्टीलचा गार्ड घ्यावा का?

पार्किंगमधल्या ओरखड्यांपासून तो बॉडी वाचवतो, एवढीच अपेक्षा ठेवून घ्यायला हरकत नाही. साध्या स्कूटरवर तो मूळ बोल्टांवरच बसत असल्याची खात्री करावी. विजेवर चालणाऱ्या काही स्कूटरांत बॅटरी पायाखालच्या भागात असते, त्यामुळे तिथे भोक पाडणे किंवा लांब स्क्रू घालणे धोक्याचे आहे आणि वॉरंटीही जाऊ शकते. अशा गाडीला उत्पादकाने दिलेला गार्ड नसेल तर तिला गार्डविनाच ठेवावे.